तेल डबल टाकलं, तरी पिस्टन चिकटला

"मिस्तरी, तेल तर डबल टाकलं होतं. तरी पिस्टन चिकटलाच कसा?"

सिन्नरमध्ये टू-स्ट्रोक इंजिनांचं काम करणाऱ्या एका मिस्तरींना हा प्रश्न पावसाळ्यात सारखा ऐकावा लागतो. विचारणारा कधी वावीकडचा डाळिंबवाला असतो, कधी पांढुर्लीचा बागायतदार, कधी ठाणगावच्या बाजूने आलेला, बांधावरच्या गवताला वैतागलेला तरुण. हातात गवत कापायचं मशीन आणि त्याची दोरी जागची हलत नाही. विचारण्यात राग नसतो, कोडं पडलेलं असतं. तेल हा इंजिनाचा खुराक, तो जास्त दिला तर भलंच होईल, अशी साधी समजूत. मिस्तरी वाद घालत बसत नाहीत. सायलेन्सरचे बोल्ट काढतात, मशीन उजेडाकडे धरतात आणि धूर बाहेर पडायच्या छिद्रातून आतला पिस्टन त्याला दाखवतात. त्या बाजूला पिस्टनवर खालीवर उभे ओरखडे उठलेले असतात, ॲल्युमिनिअम वितळून रिंगवर सारवल्यागत बसलेलं असतं आणि रिंग खाचेत रुतलेली असते. मग ते सांगतात, "दादा, हे तेल कमी पडल्याचं नाही. पेट्रोल कमी पडल्याचं आहे."

ऐकणाऱ्याला हे पटकन पटत नाही. टाकी तर भरलेली असते.

टू-स्ट्रोक इंजिनाचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आहे. मोटरसायकलच्या नेहमीच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तळाला तेल साठवलेलं असतं. तेच पुन्हा पुन्हा फिरतं आणि ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचं असतं. टू-स्ट्रोकमध्ये तसा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या पेटीत येते, तिथून सिलिंडरमध्ये वर जाते. त्या वाटेवर क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन आणि बोअर यांना जे काही वंगण मिळायचं ते पेट्रोलमध्ये कालवलेल्या तेलातूनच मिळतं. ते तेल शेवटी जळून धुरावाटे निघून जातं, परत येत नाही. म्हणून प्रत्येक लिटरला तेल हवंच. पण तेच पेट्रोल इंजिनाला आतून गारही ठेवत असतं आणि ते किती जायचं हे कार्बोरेटरमधल्या पितळी जेटचं भोक ठरवतं. भोक तेवढंच राहिलं आणि त्यातून जाणाऱ्या मिश्रणात तेलाचा वाटा वाढला, तर पेट्रोलचा वाटा कमी होतो. शिवाय तेल दाट असल्याने मिश्रण जेटमधून जरा सावकाश जातं. हवा मात्र पूर्वीइतकीच येते. म्हणजे तेल वाढवलं की इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी, अशी अवस्था येते आणि ते तापतं.

हिशेब लहान आहे, पण खरा आहे. लिटरला २० मिलीचं प्रमाण ४० मिलीवर नेलं, तर त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल साधारण दोन टक्क्यांनी घटतं. एकट्या दोन टक्क्यांनी इंजिन मरत नाही. ते मरतं या दोन टक्क्यांच्या जोडीला दुसरं काही आलं की. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधलं गॅस्केट फुटलेलं असतं, जेटमध्ये कचरा असतो, कुणीतरी मायलेजसाठी जेट बारीक केलेला असतो. तेल आणि जेट हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकच हिशेब दोन टोकांनी मांडलेला आहे, हे मिस्तरींचं सगळ्या कामातून आलेलं म्हणणं. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही ते पहिल्यांदा हेच शिकवतात.

ते स्वतः हे शिकले ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा सिन्नरच्या रस्त्यावर धावणाऱ्या दुचाकींत टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. आकुर्डीत बनणारी बजाजची चेतक १९७२ सालची. फिरोदियांची लूना त्याच वर्षी आली. पुढे १९८५ला यामाहाची आरएक्स १०० आणि लगोलग शेतकऱ्यांची, दूधवाल्यांची लाडकी एम-८०. राजदूत तर आधीपासूनच होती. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती वाढत होत्या आणि नाशिकरोडकडून कामगारांच्या स्कूटरी पाळीनुसार मोहदरीचा घाट चढून येत, उतरून जात. दुकानात सकाळी चेतकची रांग लागायची. काम ठरलेलं: प्लग साफ, कार्बोरेटर साफ, सायलेन्सरमधला काजळीचा थर जाळून मोकळा.

पेट्रोल पंपावर तेव्हा "ऑइल किती?" हा प्रश्न ठरलेला असे. लांब मानेच्या मापाने तेल आधी टाकीत जाई, मग वरून पेट्रोलची धार सोडत, म्हणजे ते घुसळलं जाई. चेतकचं माप लिटरला २० मिली, पन्नासास एक. तरी बरेच जण म्हणत, "थोडं जास्त टाक, लांब जायचंय." पंपावरचा पोऱ्याही हात सैल सोडी. जास्तीच्या तेलाने प्लग काळा होई, सायलेन्सर चोंदे, सकाळी कीक मारून पाय दुखे. गिऱ्हाईक त्याला 'गाडी थंड आहे' म्हणे. त्यातही टाकीचा कॉक उघडा ठेवून तेल टाकलं, तर न कालवलेलं तेल तळाशी बसून सरळ नळीत उतरे आणि जेटच्या तोंडाशी अडे. पंपावर कॉक बंद करून मगच तेल टाकायचं, ही त्या काळातली शहाणी सवय. ती कुठे लिहिलेली दिसत नसे, तोंडातोंडी चालत आली होती.

मोहदरी घाटाने मिस्तरींना आणखी एक धडा दिला. सिन्नर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, नाशिक त्याहून खाली. रात्रपाळी सुटलेला कामगार पेट्रोल वाचवायला घाट उतरताना रेस पूर्ण सोडून, गाडी गिअरमध्येच ठेवून उतरायचा. चाकं इंजिनाला जोरात फिरवत असायची आणि कार्बोरेटर जवळजवळ बंद. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. उतार संपता संपता गाडी एकदम जाम होई, मागचं चाक घासत जाई, माणूस पडेही. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत फ्रीव्हील बसवलं होतं ते याचसाठी. रेस सोडली की चाकं इंजिनापासून सुटी व्हायची आणि इंजिन आपलं हळू फिरत राहायचं. सिन्नरच्या स्कूटरवाल्यांना फ्रीव्हील कुठलं? त्यांना मिस्तरींचे उस्ताद सांगत, "उतारावर मधून मधून क्लच दाब आणि रेस दे. इंजिनाला घोटभर पाजत जा." हा सल्ला शास्त्रशुद्ध होता. सांगणारा सातवी शिकलेला होता.

आता जेटकडे. चेतकच्या स्पाको कार्बोरेटरमध्ये सुई नसते, एकावर एक बसवलेली पितळी नळी, हवेचा जेट आणि मेन जेट असतो. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० लिहिलं असेल तर भोक बरोबर एक मिलिमीटर. आरएक्स १००वर मिकुनीचा कार्बोरेटर असतो. त्याच्या जेटवरचा आकडा व्यास सांगत नाही, त्यातून ठरावीक वेळात किती पेट्रोल जातं ते सांगतो. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीच्या कार्बोरेटरला लावून चालत नाही. यात भले भले फसतात. मिस्तरी जेट नखावर धरून आधी आकडा वाचतात, मग खिडकीकडे धरून भोकाची कड बघतात. कड गोल, कोरी आणि चकचकीत असेल तर जेट साबूत. ती एका बाजूला ओढलेली दिसली की समजायचं, कुणीतरी तार घातली आहे. पितळ मऊ असतं. पोलादी तारेने दोन-चारदा साफ केलं तरी भोक बिघडतं आणि आकडा नावापुरता उरतो. साफ करायला पेट्रोल आणि हवेचा झोत पुरतो. फारच अडलं तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस.

तार घालायची आणखी एक रीत होती आणि ती जास्त घातक. मायलेजसाठी जेटच्या भोकात तांब्याचा केस अडकवून ठेवायचा, म्हणजे पेट्रोल कमी जाईल. पंपावर पैसे वाचतात खरे, पहिले काही आठवडे. मग एक दिवस मुसळगावच्या सरळ रस्त्यावर, फुल रेसमध्ये, दुपारच्या उन्हात आवाज बदलतो आणि गाडी बसते. पिस्टन-बोअरचं काम निघतं, लेथवर बोअर मारून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे जातात. मायलेजचं आमिष दाखवून असे जेट बारीक करून देणारे कारागीर गावोगाव होते. मिस्तरींना त्यांच्याबद्दल आजही बोलताना त्रास होतो, कारण गाडी बसायची ती गरिबाची. ज्याला पेट्रोलचे दहा रुपये वाचवायची गरज आहे, तोच या सापळ्यात सापडतो.

कार्बोरेटर कुठे कमी देतो आणि कुठे जास्त, हे ओळखायला मिस्तरी रेसच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करतात. पाव मुठीपर्यंत पायलट जेट आणि हवेच्या स्क्रूचा अंमल, सुई असलेल्या कार्बोरेटरमध्ये मधल्या पट्ट्यात सुईचा, पाऊणच्या पुढे मेन जेटचा. अर्ध्या मुठीला गाडी अडखळत असेल तर मेन जेट बदलण्यात अर्थ नाही, सुईची क्लिप एक खाच वरखाली करून बघायची. क्लिप वरच्या खाचेत घेतली की सुई खाली उतरते आणि पेट्रोल घटतं, हे पोरं नेहमी उलटं समजतात. मेन जेटची परीक्षा रस्त्यावर. नवा प्लग लावायचा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण मुठीत गाडी पळवायची आणि तशाच वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचं. हळू करत, आयडलवर आणून बंद केलं तर प्लगवरचा रंग खोटा. मग कडेला थांबून प्लग काढायचा. मधल्या पांढऱ्या चिनीमातीवर चॉकलेटी छटा म्हणजे बरोबर. पांढराफेक, वर बारीक दाणे म्हणजे पेट्रोल कमी. काळा ओला म्हणजे जास्त. आजकालच्या पेट्रोलमध्ये हा रंग पूर्वीइतका ठळक उमटत नाही, म्हणून ते भिंगातून प्लगच्या मुळाशी उमटलेली कडी बघतात.

टू-स्ट्रोक रस्त्यावरून गेलं ते धुरामुळे. जळून जाणारं तेल आणि न जळताच बाहेर पडणारं पेट्रोल या दोन्हींचा हा परिणाम. १९९१ पासून देशात धुराचे नियम लागले, १९९६ आणि २००० साली ते कडक झाले. तेलाबाबतही १९९९ पासून कमी धुराच्या प्रतीचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, तेल बंधनकारक झालं. आरएक्स १०० त्याआधीच, १९९६ला, बंद झाली होती. चेतकनेही शेवटी फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं आणि मग ती स्कूटर थांबलीच. आज चेतक नावाने जी धावते तिला पेट्रोलच लागत नाही. मिस्तरींना वाटलं होतं, आपलं काम संपलं. काम संपलं नाही, रस्ता सोडून शेतात गेलं.

मजूर मिळेना आणि मजुरी परवडेना, तसे गवत कापायचे ब्रश कटर, पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप, लाकूड कापायच्या करवती आणि खड्डे घ्यायची मशीन घरोघर आली. यात टू-स्ट्रोक भरपूर. पण आता एकाच वाड्यात तीन प्रकारची इंजिनं नांदतात. एक साधं टू-स्ट्रोक, ज्याला तेल कालवलेलं पेट्रोल लागतं. दुसरं छोटं फोर-स्ट्रोक, ज्याला कोरं पेट्रोल आणि तळाशी वेगळं तेल. तिसरं असं फोर-स्ट्रोक, की ज्याला तरीही कालवलेलंच पेट्रोल लागतं. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात: दांडा, पट्टा, दोरी. प्रमाणंही वेगळी. स्वस्तातल्या मशीनवर बहुधा पंचवीसास एक, म्हणजे लिटरला ४० मिली. नामांकित करवतींना त्यांचंच तेल वापरलं तर पन्नासास एक, २० मिली. कुठे चाळीसास एक, २५ मिली. हे सगळं माहितीपत्रात असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मशीन विकणारा घाईत असतो. शेतकरी घरी जाऊन, जे हाताशी असेल ते ट्रॅक्टरचं ऑइल अंदाजाने ओततो.

ट्रॅक्टरचं किंवा मोटरसायकलचं इंजिन ऑइल जळण्यासाठी बनवलेलं नसतं. त्यातली रसायनं जळाल्यावर राख ठेवतात, ती प्लगच्या फटीत आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. टू-टी तेल पेट्रोलमध्ये पटकन विरघळतं आणि शक्य तितकं स्वच्छ जळतं. डब्यावर जासो या जपानी मानकाची एफबी, एफसी किंवा एफडी अशी प्रत लिहिलेली असते. एफसी, एफडी कमी धुराच्या. मिस्तरी गिऱ्हाइकाला डब्याची मागची बाजू वाचून दाखवतात, बोट ठेवून.

या सगळ्यांत त्यांना सर्वांत जास्त घाम फोडला तो एका छोट्या एटीव्हीने. घोटी रस्त्याकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात मुलांना फिरवायला ४९ सीसीच्या चार चाकी एटीव्ही आणल्या होत्या. टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणाऱ्या. त्यातली एक पावसाळ्यानंतर सुरू व्हायची, दोन फेऱ्या मारायची, मग एकाएकी तिची रेस आपोआप चढायची आणि ती बंद पडायची. मुलं बसणार त्या गाडीची रेस हात न लावता चढते, हे ऐकूनच मिस्तरींनी मालकाला बजावलं, की ही गाडी दुरुस्त होईपर्यंत एकही मूल हिच्यावर बसवू नका. आधी कुणीतरी दुसऱ्याने तिचा मेन जेट मोठा करून दिला होता. तरी फरक नव्हता, उलट खालच्या रेसला ती धूर ओकू लागली होती.

मिस्तरींचा क्रम ठरलेला. आधी पेट्रोल, मग गळती, जेट सगळ्यात शेवटी. टाकीतलं पेट्रोल त्यांनी काचेच्या बाटलीत काढलं आणि उन्हात ठेवलं. थोड्या वेळात तळाशी वेगळा, गढूळ थर दिसला. कालवून ठेवलेला कॅन अख्खा पावसाळा अर्धवट झाकणाने शेडमध्ये पडून होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि खाली बसतं. तेल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. टाकीची नळी तळातून निघत असेल, तर इंजिनाला तेल नसलेलं पाणी-इथेनॉल जातं. फ्लोटच्या वाटीत त्यांना पांढरट भुकटी मिळाली आणि पायलट जेट अर्धा बुजलेला.

पेट्रोल बदललं, जेट साफ केला, तरी रेस चढायची राहीना. म्हणून पुढची पायरी. गाडी आयडलवर ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या सांध्यावर त्यांनी साबणाचं पाणी लावलं. फेस आत ओढला गेला, रेस क्षणभर बदलली. तिथला प्लास्टिकचा तुकडा उष्णतेने वाकला होता, गॅस्केट एका कोपऱ्यात सुटलं होतं. त्या फटीतून कार्बोरेटरला न विचारता हवा आत येत होती. दुसरीकडे मोठ्या केलेल्या जेटमुळे पूर्ण मुठीला पेट्रोल जास्त. गाडी एकाच वेळी उपाशीही होती आणि अजीर्णानेही त्रासलेली. सांधा काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट घासला, गॅस्केट नवं कापलं आणि मूळ आकड्याचा जेट परत बसवला. मग माप लावून ४० मिलीचं ताजं मिश्रण. गाडी लागली, आयडलवर शांत उभी राहिली.

अमेरिकेत मोठ्या टू-स्ट्रोक एटीव्हींचा जमाना होऊन गेला. यामाहाची ३५० सीसीची बॅन्शी १९८७ पासून २००६ पर्यंत तिथे विकली जात होती, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. समुद्रसपाटीजवळच्या कॅलिफोर्नियाच्या वाळूच्या टेकड्यांवर बसवलेले जेट घेऊन कुणी कोलोरॅडोच्या डोंगरांत गेला, की विरळ हवेत पेट्रोल जास्त व्हायचं आणि जेट बारीक करावे लागायचे. थंडीत उलटं. सिन्नरला साडेसहाशे मीटरवर हवा मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणजे खाली जुळवलेली गाडी इथे किंचित पेट्रोल जास्त घेते. ही चूक सुरक्षित बाजूची. पण जानेवारीच्या पहाटे, जेव्हा निफाड-सिन्नर पट्ट्यात पारा दहाच्या खाली जातो, हवा दाट होते आणि हा फायदा बराचसा संपतो. द्राक्षाच्या बागेत पहाटेच फवारणीला निघालेला माणूस पंप सुरू करतो, तापू न देता लगेच पूर्ण रेस देतो. पिस्टन आतून फुगतो, सिलिंडर अजून गारच. तेव्हा पिस्टनवर चार कोपऱ्यांत चार ओरखडे उठतात. ओरखडे कुठे आहेत यावरून मिस्तरी कारण सांगतात: चार कोपऱ्यांत असतील तर घाई, फक्त धुराच्या बाजूला असतील तर पेट्रोल कमी, चहूबाजूंनी कोरडे घासलेले असतील तर तेलच टाकलं नव्हतं. पूर्वी वाद व्हायचे, आता पिस्टन गिऱ्हाइकाच्या हातात दिला की होत नाहीत.

इथेनॉलचा हिशेब अजून बऱ्याच जणांपर्यंत पोचलेला नाही आणि पोचायला हवा. पेट्रोलच्या एका भागाला जळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून येऊ लागलं आणि आता देशभर तेच आहे. त्याला साडेतेरा भाग हवा पुरते. नव्या गाड्यांत संगणक हे सांभाळतो. जुन्या आरएक्सच्या किंवा ब्रश कटरच्या जेटला यातलं काही कळत नाही. तो जुन्याच मापाने देत राहतो, म्हणजे मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी कोरडं पडतं. त्यावर "तेल डबल"चे दोन टक्के. ऊस या भागालाही जवळचा आहे, इथेनॉलचा पैसा शेतकऱ्याला मिळावा हे योग्यच. पण त्याच शेतकऱ्याच्या हातातल्या मशीनचा जेट कुणी बघायचा, हा प्रश्नही त्याच शेतकऱ्याचा आहे. मिस्तरी आरएक्सवाल्यांना मेन जेट एक-दोन आकडे वाढवून देतात, प्लग बघून. रबरी नळ्या बदलायला लावतात, कारण जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि मऊ होतं. ब्रश कटरच्या पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये जेट बदलता येत नाही, तिथे पूर्ण रेसचा स्क्रू असेल तर तो किंचित उघडतात आणि आतला पडदा कडक झाला असेल तर नवा टाकतात.

आरएक्सच्या तरुण मालकांशी त्यांचा वेगळाच झगडा आहे. या गाडीत तेलाची वेगळी टाकी आणि पंप असतो. रेसच्या केबलसोबत पंपाचीही केबल ओढली जाते, म्हणजे जेवढी रेस तेवढं तेल. यामाहाने ही रचना १९६४ सालीच आणली होती. पोरं तो पंप काढून टाकतात, 'मिक्सिंगच भारी' म्हणून. मग मोकळा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर. हवा वाढली, जेट तोच. मिस्तरी पंप दुरुस्त करून परत बसवायचा आग्रह धरतात. आयडलवर कमी आणि पूर्ण रेसला जास्त तेल हे माणसाच्या मापाने टाकीत घालता येत नाही.

दुकानात आता औषधांच्या दुकानातल्या २० मिलीच्या सिरिंजांचा खोका असतो. मशीन न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते एक लिटरच्या बाटलीवर रेघ मारून देतात आणि त्याच्याकडून एकदा स्वतःच्या हाताने मिश्रण करून घेतात. आधी अर्धा लिटर पेट्रोल, त्यात सिरिंजने तेल, झाकण लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. मशीनच्या टाकीवर रंगाने आकडा लिहितात: २०, २५ किंवा ४०. फोर-स्ट्रोकवर ठळक शून्य. बायकाही मशीन चालवतात, त्यांना मुद्दाम बोलावून घेतात, कारण तेल बहुतेक घरांत त्याच कालवतात आणि माहितीपत्र पुरुषाच्या खिशात असतं.

हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, मशीन आयडलवर ठेवून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. उरलेलं मिश्रण पुढच्या वर्षासाठी ठेवायचं नाही. ज्यांनी हे ऐकलं, त्यांची मशीन जूनमध्ये दुकानात येत नाहीत. आली तर धार लावायला येतात.